गवताची पहिली पेंढी

एक होता राजा. पण तो राहायचा लांब, त्याचं काम आपल्याला शेवटी लागेल. आपली गोष्ट भिका सुताराची. त्याची बायको लवकर गेली. मागे राहिली लहानगी येसू आणि बायकोनं परसात लावलेला फणस.

येसू मोठी झाली, नदीपलीकडे सासरी गेली. आता लेक माहेरी यायची कशी? मग भिकानं तो फणस तोडला आणि त्याचा साकव बांधला. साकव म्हणजे लहानसा लाकडी पूल, बरं का. लाकूड भिजून कुजू नये म्हणून वर गवताचं छप्परही घातलं.

आणि काय नवल! येसूनं पाऊल टाकलं, तर साकव बोलला, "कोण गं?" आवाज थेट आईचा! येसू रडली, हसली, म्हणाली, "मी, येसू."

मग गावानं रीत पाडली. दर वैशाखात छप्पर नवं करायचं. घरटी एक पेंढी गवत आणायचं, पण पहिली पेंढी येसूची. तिच्याआधी कुणी ठेवायची नाही.

पुढे भिका म्हातारा होऊन गेला. येसूचा संसार वाढला. एका वैशाखात साकव म्हणाला, "छप्पर विरलंय गं." येसू म्हणाली, "आणते उद्या." घरी गेली आणि विसरली. दुसऱ्या वैशाखात म्हणाला, "गेल्या पावसात भिजले गं." "आणते उद्या." तिसऱ्या वैशाखात म्हणाला, "लाकूड मऊ पडलंय, येसू." तेव्हा तिच्या कडेवर तान्हं, डोक्यावर बोचकं. "उद्या नक्की!"

आणि गावकरी? सगळ्यांच्या अंगणात पेंढ्या तयार! पण पहिली यायची वाट बघत बसले. शहाणे कुठले! एकानंही जाऊन तिला विचारलं नाही. मला अजून राग येतो.

मग श्रावणात पूर आला. येसू तान्ह्याला घेऊन साकवाच्या मधोमध होती. साकव करकरला. "पळ, येसू!" तिचं पाऊल काठाला लागेपर्यंत त्यानं कसंबसं धरून ठेवलं. मग वाहून गेला. येसू धावत घरी गेली, पेंढी घेऊन आली. पण आता ठेवणार कुठे?

मग राजानं दगडी पूल बांधला. चांगला भक्कम. सगळे सुखानं ये-जा करू लागले. येसूही सुखात राहिली, तिला नातवंडं झाली. पण बाजाराला जाताना पुलावर थांबायची. कुणी विचारत नसे, तरी म्हणायची, "मी, येसू." जरा वाट बघायची, मग पुढे जायची.

संपली गोष्ट. कोण रे जागं अजून? नाव सांग, आणि झोप.