तळहातावर मावणारी कुपी

एका घाटाच्या पायथ्याशी एकदा एक वृद्ध रसवैद्य राहत असे. औषधांबरोबर तो तेजाबही तयार करी. सोने शुद्ध करण्यासाठी सोनारांना ते लागे, आणि थेंबभर अंगावर पडले तरी कातडी जळे. म्हणून त्याने एक नियम घातला होता. तेजाब भरणाऱ्याने, बांधणाऱ्याने आणि वाहून नेणाऱ्याने दरवेळी आधी एक दिवस त्याच्यासमोर बसून ते काम शिकायचे. जुन्या शिष्यालाही यातून सूट नव्हती, आणि शिष्याला ते मनातून फार लागे. म्हाताऱ्याचा आपल्यावर विश्वास नाही, ही शंका त्याने जपून ठेवली होती.

एके सकाळी एक व्यापारी बैलगाडी घेऊन दारात आला. गाडीत त्याची लहान मुलगी होती. घाटावरच्या सोनारासाठी त्याला तेजाबाची एक कुपी हवी होती, तळहातावर मावेल एवढीच.

"आजचा दिवस थांबा," वैद्य म्हणाला. "कसं न्यायचं ते शिकून घ्या, मग न्या."

व्यापाऱ्याने डोळे बारीक केले. जगात कोणी फुकट शिकवत नाही, अशी त्याची पक्की समजूत होती. हा म्हातारा आपल्याला कशासाठी तरी अडकवून ठेवतोय खास! तो म्हणाला, "अहो वैद्यराज, घागर नेत असतो तर गोष्ट वेगळी. एवढ्याशा कुपीला कसलं शिकणं?"

शिष्यानेही त्याचीच री ओढली. "खरंच की गुरुजी. एवढीशी तर आहे. मी देतो ना बांधून."

वैद्याने दोघांकडे आळीपाळीने पाहिले. "बरं. तसं करा," तो म्हणाला. इतक्या सहज तो कधीच कशाला रुकार देत नसे, पण ते तेव्हा कोणाच्या ध्यानात आले नाही.

आतल्या खोलीतून त्याने मेणाने तोंड बंद केलेली कुपी आणून दिली. शिष्याने ती लाकडी पेटीत उभी ठेवली, भोवती मूठभर गवत कोंबले आणि झाकण लावले. कुपीभोवती चाळलेली राख दाबून भरायची, मग पेटी हलवून आत काही वाजते का ते ऐकायचे, हे सारे त्याला ठाऊक होते. पण एवढ्याशा कुपीसाठी एवढा खटाटोप कोण करणार? गाडी निघून गेली.

मग आतली खोली झाडताना त्याची नजर तेजाबाच्या बरणीवर पडली. बरणीच्या तोंडावरचा चिकणमातीचा लेप वाळलेला होता, अखंड होता. आज बरणी उघडलीच नव्हती! शेजारी पाण्याचा तांब्या मात्र अर्धा रिकामा होता.

शिष्याने केरसुणी खाली टाकली. म्हणजे गुरुजींनी तेजाब म्हणून पाणी दिले? दिसायला दोन्ही सारखीच. आजवर किती जणांना असे गंडवले असेल? ज्याच्यापाशी आपण ऐन उमेदीची वर्षे काढली तो भामटा निघाला, तर आपण शिकलो ते तरी खरे कशावरून? जाब विचारावा म्हणून त्याने हाका मारल्या, तर वैद्य घरात नव्हता. पळाला की काय! शिष्य आडवाटेने गाडीमागे धावत सुटला.

नदीकाठच्या पहिल्या विसाव्यावर गाडी थांबली होती. "शेटजी, फसवलंय तुम्हाला!" तो धापा टाकत म्हणाला. "कुपीत नुसतं पाणी आहे."

व्यापारी त्याच्याकडेच संशयाने पाहू लागला. "पेटी तूच बांधलीस, आणि आता तूच येऊन हे सांगतोस? पाणी म्हणून परत न्यायची आणि दुसऱ्याला विकायची, असा बेत दिसतोय."

तेवढ्यात गाडीतून मुलीचा आवाज आला. "बाबा, माझा परकर ओला झालाय."

ती पेटीला पाय लावून झोपली होती. व्यापाऱ्याने घाईघाईने झाकण उघडले. खडकाळ वाटेवरच्या हिसक्यांनी कुपी आडवी होऊन तडकली होती. गवत ओले झाले होते, आणि फळ्यांच्या फटीतून पाणी मुलीच्या पायांपर्यंत ओघळले होते. व्यापाऱ्याने पोरीला ओढून छातीशी धरले.

काठी टेकत वैद्य मागून येत होता. "पहिल्या विसाव्यावर पेटी उघडून दाखवायची, असं ठरवूनच निघालो होतो मी," तो शिष्याला म्हणाला. "तू आधी पोचलास."

"मग तिथंच आम्हाला अडवलं का नाहीत?" शिष्याने विचारले.

"अडवलं होतं. ऐकलं कोणी? घागर असती, तर तुम्ही दोघंही घाबरून नीट वागला असता. थोडं असलं की माणूस निर्धास्त होतो, म्हणून थोड्यासाठीच जास्त शिकवावं लागतं. तेजाबाला आपण थोडं आहोत हे कळत नाही." मग तो शिष्याकडे वळला. "माझ्यावर संशय घेतलास, त्याचा राग नाही मला. या कामात संशय हवाच. बरणीचा लेप काय बारकाईनं पाहिलास! तशीच ती पेटी एकदा हलवून पाहिली असतीस तर? सगळ्यांवर संशय घेतलास, फक्त स्वतःच्या हातावर घ्यायचा राहिला."

व्यापारी उठला आणि बैल माघारी वळवू लागला.

शिष्य मुलीजवळ गुडघे टेकून बसला. ते पाणीच होते हे त्याला पक्के ठाऊक होते. तरीही त्याने तिची पावले हातात घेतली आणि एकेक बोट उलगडून कुठे काही भाजले तर नाही ना, हे पाहू लागला. गुदगुल्या झाल्या म्हणून ती खळखळून हसली. त्याला मात्र हसू आले नाही.