अकरा वेळा परत

"दोन की चार? तुम्हीच सांगा, बाई."

पुष्कराज सामक उभाच होता. प्रोग्रॅम लिहिताना ओळीच्या सुरुवातीला मोकळी जागा किती सोडायची, दोन घरं की चार, एवढाच त्याचा प्रश्न होता.

नुलकरबाईंनी तीस वर्षं पॉलिटेक्निकला प्रोग्रॅमिंग शिकवलं होतं. आता त्या आठवड्यातून दोनदा या टीमला सल्ला द्यायला येत. धरणातून पाणी सोडलं की नदीकाठच्या गावांत सायरन वाजवणारा प्रोग्रॅम ही टीम लिहीत होती. सगळ्यांचा कोड तपासून पुढे पाठवायचं काम पुष्कराजकडे होतं.

"भांडण कोणाशी?"

"तबस्सुमशी. ती दोन सोडते. मी नियम लिहून दिलेत, चाळीस पानं. तरी ऐकत नाही."

"मग तू काय केलंस?"

"तिचा कोड परत पाठवला."

"कितीदा?"

"...अकरा वेळा."

तबस्सुमने आदल्याच दिवशी दुसऱ्या टीममध्ये बदली मागितली होती. पावसाळा तीन आठवड्यांवर आला होता.

"तिनं लिहिलंय काय?" बाईंनी विचारलं.

"तेच तर सांगतोय. कंस भलत्याच ओळीवर, नावं आखूड..."

"कसं लिहिलंय ते नाही विचारलं. काय लिहिलंय?"

पुष्कराजने तोंड उघडलं.

...

त्याला सांगता येईना.

बाईंनी त्याचा लॅपटॉप स्वतःकडे ओढला. कोडची मांडणी आपोआप एकसारखी करणारं एक टूल असतं, ते त्यांनी चालवलं. पडद्यावरच्या ओळी क्षणभर हलल्या नि थांबल्या. तबस्सुमच्याही हलल्या, पुष्कराजच्याही.

"माझ्या फाइलीसुद्धा?"

"सगळ्या."

"नियम कोणते लावलेत?"

"पाहिले नाहीत. वाच आता."

तो बसला. बोट सवयीने चूक शोधत होतं, पण बोट ठेवायला जागा उरली नव्हती. मग तो नुसताच वाचत गेला. सव्विसाव्या ओळीशी थांबला. पुन्हा वरून वाचलं. त्याचे कान तापले.

तो उठून तबस्सुमच्या टेबलाशी गेला. तिने मान वर केली नाही.

"पुन्हा जागा सोडायच्या?"

"नाही. वरच्या गावचा सायरन बिघडला, तर खालच्या गावचा वाजेल?"

तिने ती ओळ पडद्यावर उघडली. बराच वेळ पाहिली.

"...नाही वाजणार. वरच्याचं उत्तर येईपर्यंत हा थांबूनच राहील."

"मी अकरा वेळा पाहिलं. मलाही दिसलं नाही."

तिने शेजारची खुर्ची त्याच्याकडे सरकवली.

दुपारपर्यंत दोघांनी मिळून दुरुस्ती केली. त्या आठवड्यात चाचणी झाली. वरच्या गावचा सायरन मुद्दाम बंद ठेवला होता, खालच्या गावचा वाजला. तबस्सुम मात्र महिनाअखेरीला दुसऱ्या टीममध्ये गेलीच.

ती गेली त्या दिवशी पुष्कराज पुन्हा बाईंसमोर उभा राहिला.

"बाई, त्या टूलचे नियम मी आता वाचलेत. त्यातले काही चक्क चुकीचे आहेत."

"असतील."

"मग ते तसेच ठेवायचे?"

बाईंनी चष्मा काढून पदराला पुसला.

"ठेव. ते कोणाचेच नाहीत."