मावळतीचं बटण

मनोरे पाखरांशी बोलत, त्या काळची गोष्ट. दूरदेशी शिकून परतलेल्या साळुंकीला वाटलं होतं, गावचा रेडिओ आता रात्रंदिवस बोलत असेल. पण टेकडीवरचा रेडिओचा ठेंगणा मनोरा सूर्य मावळताच गप्प होई.

“मनोरेकाका, अंधाराला भिता की काय?”

“नाही गं पोरी. रात्री माझा आवाज आभाळाला आपटून पार समुद्रापर्यंत जातो. तिथला मनोरा माझ्याच पट्टीवर बोलतो. मग त्याचं कुणाला ऐकूच येत नाही.”

“गप्प बसायला कारणं बरी सापडतात तुम्हाला,” साळुंकी म्हणाली. त्या संध्याकाळी मनोऱ्याचं बटण बंद होताच तिनं ते चोचीनं पुन्हा चालू केलं.

उजाडताना किनाऱ्यावरचा कुरव पक्षी धापा टाकत आला.

“रात्री आमचे खलाशी वादळाची खबर ऐकायला बसले, तर रेडिओवर तुमच्या कांद्याचे भाव. सात होड्या वादळात सापडल्या. सातवी आत्ता कुठे किनाऱ्याला लागली, तीही शीड फाटून.”

साळुंकी उडून मनोऱ्याच्या बटणापाशी बसली. 

“काका, आजपासून मावळतीला तुमचं बटण मीच बंद करणार. राहिलेल्या बातम्या मी झाडोझाड सांगत फिरेन. माझा आवाज टेकडीपलीकडे जात नाही, ते बरंच आहे.”