उघड्या देवळाचं छप्पर

आधीच सांगून ठेवतो, माझ्या लिहिण्यात ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका असतील, त्या पोटात घाला. शाळा आठवीत सुटली आणि त्यानंतर लिहायची वेळ फारशी आली नाही. शब्दही माझ्याकडे साधेच आहेत. पण सणाच्या स्मरणिकेसाठी उघड्या देवळाबद्दल कोण लिहील, असं फादरांनी मिस्सा झाल्यावर विचारलं, तेव्हा सगळे एकमेकांकडे बघत राहिले आणि माझा हात कसा वर गेला ते मला कळलं नाही. मी रिक्षा चालवतो. देऊळ बघायला येणाऱ्या पाहुण्यांना स्टेशनवरून बहुतेक वेळा मीच आणतो. गावातले म्हातारे जासिंतबाबा त्यांना देवळाची गोष्ट सांगतात तेव्हा मी मागे उभा राहून ऐकतो. म्हणून इथे जे काही चांगलं आहे ते बाबांचं आहे.

ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. तिवरपाड्याची घरं संपली की सुरूची झाडं लागतात आणि ती संपली की वाळूच्या उंचवट्यावर उघडं देऊळ दिसतं. आता आमचं मोठं चर्च गावात आहे, आमच्या बोलीत चर्चलाही देऊळच म्हणतात. हे देऊळ त्याच्या फार आधीचं, लहानसं, आपल्या दोन खोल्यांएवढं. काळ्या दगडांच्या भिंती पुरुषभर उंच आहेत. वेदीचा कट्टा शाबूत आहे. समुद्राकडची भिंत मात्र मधोमध खाली आलेली आहे, इतकी की त्या खिंडारातून समुद्रातला आडवा खडक सरळ दिसतो. छप्पर नाही. आत गवत उगवतं आणि शेळ्या येतात.

पाहुणे पहिल्यांदा हेच विचारतात, की हे कोणी पाडलं? कुणी म्हणतं लढाईत पडलं असेल, कुणी म्हणतं वादळात. बाबा सगळ्यांचं ऐकून घेतात आणि म्हणतात, "आम्हीच पाडलं. आणि बरं केलं."

हे देऊळ पोर्तुगीज यायच्याही आधीचं आहे, असं आमच्याकडे सांगतात. मागे कॉलेजचे एक सर आले होते, ते म्हणाले की याला पुरावा नाही. बाबा म्हणाले, "नसेल. तुम्ही बसा तर खरं, ऊन आहे." सर बसले आणि गोष्ट संपेपर्यंत उठले नाहीत.

त्या काळी म्हणे गावात थोडीच घरं होती, सगळी माडाच्या पानांच्या विणलेल्या झापांनी शाकारलेली. देवळाच्या भिंती गावाने मिळून उभ्या केल्या, पण छपराला लाकूड नव्हतं. गावात पावलू नावाचा सुतार होता. त्याने आयुष्यभर होड्याच बांधल्या होत्या. त्याची आणि त्याची बायको रूपाय हिची मुलं जगत नव्हती. शेवटी एक मुलगी झाली, मणी. तीही अंगावर ताप घेऊनच आली. तेव्हा पावलूने देवळात जाऊन नवस केला, की ही जगू दे. तुझ्या डोक्यावर छप्पर घातल्याशिवाय मी माझ्या घरावर झाप चढवणार नाही.

मणी जगली. पण नवसाची खरी किंमत काय ते पहिल्या पावसाळ्यात कळलं. डोंगरातून साग आणायचा, खाडीतून वाहत आणायचा, कापायचा, हे सगळं पोटापाण्याच्या होड्या बांधून उरलेल्या वेळात. वर्षामागून वर्षं गेली. पावलूचं घर गळत राहिलं. रूपाय पोरीला घेऊन या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात जायची. मणीला खोकला लागला, तो पावसात वाढायचा आणि दिवाळीनंतर कमी व्हायचा. जिच्यासाठी नवस बोलला तीच नवसापायी भिजत होती. पावलूला हे कळत नव्हतं असं नाही. तो कमी बोलायचा आणि जास्त काम करायचा.

छप्पर उभं राहू लागलं तसे लोक हसायला लागले. पावलूला घर बांधायची रीत माहीत नव्हती. त्याने होडी बांधतात तसंच छप्पर बांधलं. मधे कणा, दोन्ही बाजूंना वाकवलेल्या बरगड्या, त्यांवर फळीला फळी लावून भोकं पाडली आणि काथ्याच्या सुंभाने शिवून काढली. तेव्हा होड्या अशाच शिवत. खिळा नाही. दोन्ही टोकं निमुळती.

"पावलू, वल्ही कधी लावतोस रे?" येणारा-जाणारा विचारायचा.

"देवाला मासेमारीला नेतोयस का?" दुसरा.

सगळ्यांत जास्त रूपायच बोलायची. "हसा, हसा. आमच्या माणसाने देवाच्या डोक्यावर उलटी होडी घातलीय. आणि आम्ही घरात पाण्यात बसतो."

एका वर्षी, आगोटीच्या, म्हणजे पाऊस लागायच्या, थोडं आधी शेवटची फळी बसली. छप्पर सुंभाने भिंतींना आवळून झालं. दुसऱ्या दिवशी पाद्री त्याखाली पहिली प्रार्थना करणार होते आणि मग पावलू आपल्या घरावर चढणार होता. रूपायने झाप विणून अंगणात रचून ठेवले होते. मणीने त्यांवर बसून बघितलं आणि आईचा ओरडा खाल्ला.

त्याच दिवशी पुरुष होड्या घेऊन लांब समुद्रात गेले होते. बायका सणासाठी कालवं काढायला आडव्या खडकावर गेल्या होत्या. ओहोटीला तो खडक उघडा पडतो आणि भरतीला सगळा बुडतो, हे आजही तसंच आहे. त्यांना नेणारी एक छोटी होडी होती, ती त्यांनी खडकाला बांधून ठेवली होती. दुपारी डोंगराकडून वारा सुटला. असा की माड आडवे झाले. होडीची दोरी तुटली आणि रिकामी होडी समुद्राकडे निघून गेली. पुरुषांच्या होड्यांना वाऱ्याविरुद्ध परत येता येईना. किनाऱ्यावर म्हातारे, पोरं, पाद्री, पावलू आणि मणीच्या खोकल्यापायी मागे राहिलेली रूपाय. तरंगणारं एक लाकूड उरलं नव्हतं. आणि भरती लागली होती. खडकावर बायका एकमेकींना धरून उभ्या होत्या, त्यांची लुगडी दिसत होती. हाका मात्र वाऱ्याने ऐकू येत नव्हत्या.

इथे बाबा पाहुण्यांना खिंडारातून खडक बघायला सांगतात.

सगळे पावलूकडे बघत होते, पण बोलायला कुणी धजेना. छप्पर त्याचं, नवस त्याचा, आणि त्या नवसापायी कोण भिजलंय ते गावाने पाहिलं होतं. पावलू छपराकडे बघत होता. तेवढ्यात रूपाय पुढे आली. हाताशी मणी होती.

"इतकी वर्षं मी म्हणतेय, उलटी होडी घातलीत. आता सुलटी करा."

"रूपाय, घर..."

"घर गळतंय ते मला सांगू नका. मला माहीत आहे ते. चढा!"

पावलू कोयता घेऊन चढला. भिंतीला बांधलेले सुंभ त्याने एकेक करून तोडले. डोंगराकडच्या बाजूचे आधी. शेवटचा सुंभ तुटला आणि म्हाताऱ्यांनी खांदा लावला, तेव्हा वाऱ्याने छपराखाली शिरून ते उचललं, असं सांगतात. एवढं सागाचं छप्पर कुशीवर वळलं, समुद्राकडच्या भिंतीचा मधला भाग घेऊन खाली आलं आणि वाळूवर उताणं पडलं. उताणं पडल्यावर ते होडीच होतं. कुणाला हसू आलं नाही.

वाळत घातलेली जाळी होती, ती म्हाताऱ्यांनी टोकाला टोक बांधून पिळली आणि त्यांचा दोर केला. एक टोक छपराला, एक किनाऱ्यावर. मग सगळ्यांनी छप्पर वाळूवरून ढकलत पाण्यात घातलं. पावलू एकटा आत बसला. जायला वल्हं लागलं नाही, वाऱ्यानेच नेलं. खडकावर पाणी गुडघ्यावर आलं होतं. सगळ्या बायका आत आल्या. पाणी फटींतून येत होतं, कारण छपराच्या फटी बुजवायला डांबर कोण लावतं? त्या ओंजळींनी पाणी उपसत होत्या. किनाऱ्यावर पोरं, म्हातारे आणि पाद्री दोर ओढत होते. पाद्र्यांच्या हातांची सालं गेली म्हणे, आणि ते असे शब्द बोलले की म्हातारे अजून सांगून हसतात.

शेवटची बाई वाळूवर उतरली आणि छप्पर उकललं. शिवणीचे सुंभ ताणाने तुटले होते. फळी फळीपासून सुटली. त्याच वाऱ्याने आणि पुढच्या ओहोटीने सगळ्या फळ्या समुद्रात नेल्या. पावलूच्या हातात कण्याचा एक तुकडा राहिला.

रात्री पुरुष परतले. गावात रडणंही होतं आणि हसणंही.  पावलूच्या अंगणात मात्र झाप तसेच पडून होते.

सकाळी पाद्री आले. म्हणाले, "पावलू, झाप चढव. मी तुला नवसातून मोकळं करतो."

पावलू म्हणाला, "नवस मी तुम्हाला बोललो नव्हतो, पाद्रीबाबा."

 पाऊस दारात आला होता. आत मणी खोकत होती.

तेव्हा खडकावरून वाचलेल्या बायका निघाल्या. पुढे सोनाय म्हणून एक म्हातारी होती. कालच्या दोरात पिळून फाटलेली जाळी, जी आता मासे धरायच्या कामाची राहिली नव्हती, ती त्यांनी सोडवली आणि एकमेकांना शिवली. भिंतीवर चढून या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत ताणली, कडांना दगड ठेवले. मग पावलूला हाताला धरून आणलं.

"हे बघ. देवाच्या डोक्यावर छप्पर घातलं."

पावलूने वर बघितलं. "सोनाय, यातून आभाळ दिसतंय."

"दिसू दे."

"पाऊस सगळा आत येईल."

"तू छप्पर घालीन म्हणालास. न गळणारं घालीन म्हणाला होतास का?" सोनाय म्हणाली. "आणि तुझ्या घरालाही इतकी वर्षं छप्परच म्हणतोस ना? त्यातून तर चांदण्या दिसतात!"

बायका हसायला लागल्या. पाद्री आत जाऊन वेदीपाशी उभे राहिले आणि त्यांनी प्रार्थना म्हटली. जाळ्याची सावली त्यांच्या पांढऱ्या झग्यावर पडली होती, सगळीकडे चौकटी-चौकटी. पावलू ऐकत उभा होता. प्रार्थना संपली तेव्हा तो रडत होता की हसत होता यावर आमच्या गावात दोन मतं आहेत. बाबा म्हणतात हसत होता.

तो घरी आला तेव्हा त्याच्या घरावर गावातले पुरुष चढलेले होते. त्याला त्यांनी वर येऊच दिलं नाही. "तू देवाचं केलंस, हे आम्ही करतो," म्हणाले. दिवस मावळायच्या आत घर शाकारून झालं, मग ते आपापल्या घरांवर चढले. त्या पावसाळ्यात मणी कोरड्यात झोपली. ती पुढे म्हातारी होऊन मेली, आणि जासिंतबाबा म्हणतात की आम्ही सगळे कुठून ना कुठून तिचेच.

देवळावर नवं छप्पर घालायचं पुढे बऱ्याचदा निघालं. कधी कौलांचं निघालं, कधी पत्र्यांचं. दर वेळी गावातल्या बायका नाही म्हणाल्या.

आजही आगोटीच्या तोंडावर एक दिवस ठरतो. त्या दिवशी घराघरातून जुनी जाळी येतात. आता ती नायलॉनची असतात, निळी आणि हिरवी. देवळावर ताणतात, फादर खाली प्रार्थना म्हणतात, लोक निळ्या-हिरव्या सावलीत उभे राहतात. ते झाल्याशिवाय तिवरपाड्यात कुणी कौल हलवत नाही की ताडपत्री बांधत नाही. ज्यांची घरं स्लॅबची झाली तेसुद्धा थांबतात, त्यांना गच्चीच्या भेगा भरायच्या असतात. आणि दुसऱ्या दिवशी कुणी आधी स्वतःच्या घरावर चढत नाही. पहिलं दुसऱ्याचं घर, मग आपलं. कुणाच्या घरावर जायचं ते ज्याचं त्याने ठरवायचं, पण पूर्ण गाव बघत असतं.

यंदा जाळी ताणताना माझ्या वाट्याला खिंडाराकडची कड आली. समोरची कड जिने धरली होती ती ओरडली, "अरे ओढ ना, झोपलास काय!" सगळे हसले. मी ओढलं. कड बांधून होईपर्यंत माझी नजर तिच्याकडेच जात होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी रिक्षा बाहेर काढली नाही. शिडी खांद्यावर घेतली आणि तिच्या घरी गेलो. तिथे ती आणि तिची आई दोघीच राहतात. आई दारात भांडी घासत होती. तिने शिडीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाली, "ये. माजघरावरची कौलं फुटलीत, तिथून सुरू कर." मी वर चढलो आणि फुटकी कौलं काढून खाली द्यायला लागलो. खालून कौलं घ्यायला हात आले, ते आईचे नव्हते.