भिवराची एकच अट

अटी संपतच नव्हत्या! भिवरा कुंभारीण सकाळपासून राजवाड्याच्या पायऱ्यांवर बसून मोबाइलवर बोट सरकवत होती, आणि आत दप्तरखान्यात कारकून नव्या अटी लिहीत होता. ती वाचत होती, तो लिहीत होता. सूर्य मात्र कोणासाठी थांबत नव्हता.

भानगड अशी होती. राजा हेकटसेनाने मोबाइलवर बाजार उघडला होता. तिथे वांगी-बटाटे नाहीत, फक्त सॉफ्टवेअर! विकायचं तर नोंदणी हवी, आणि नोंदणीसाठी सगळ्या अटी वाचून भर दरबारात विडा उचलायचा. विडा उचलला म्हणजे शब्द दिला, मग माघार नाही.

अटींच्या आधी शब्दांचे अर्थ दिले होते. ‘विक्रेता’ म्हणजे जो विकतो तो, आणि ज्याला विकू दिलं जात नाही तोही. ‘माल’ म्हणजे जो विकला तरी विकणाऱ्याकडेच उरतो. गिऱ्हाईक विक्रेत्याला बोलतं ती ‘तक्रार’, आणि महाराजांना बोलतं ते ‘कौतुक’. ‘लवकरच’ म्हणजे महाराजांना आठवेल तेव्हा! शेवटी ‘परवाना’: मालाच्या अटी विक्रेत्याने ठरवाव्यात, आणि वापरणाऱ्याने विडा उचलला की त्या त्याला लागू, मग तो कोणीही असो. हे शेवटचं कोणाच्या डोक्यातून निघालं देव जाणे, पण लिहिलेलं होतं खरं.

भिवराच्या सॉफ्टवेअरचं नाव ‘गाढव-ओळख’. कुंभारवाड्यात गाढवं पुष्कळ, सगळी एकाच रंगाची, आणि त्यांच्यावरून रोजची हाणामारी. भिवराने अशी करामत केली की गाढव ओरडलं, की ते कोणाचं आणि का ओरडतंय हे मोबाइलच सांगायचा! कुंभारवाडा शांत झाला. आता हे गावोगाव विकायचं म्हटलं, तर ही नोंदणी आडवी आली. आणि आज सूर्यास्तापर्यंत नोंदणी झाली नाही, तर माल सरकारजमा!

उन्हं कलली तशी ती उठली, कोपऱ्यावरच्या पानवाल्याकडून एक झकास विडा बांधून घेतला आणि सरळ दरबारात शिरली.

“वाचल्यास अटी?” प्रधानजींनी मिशीवरून हात फिरवत विचारलं.

“वाचत हुते की! पन म्या एक वाचली की कारकूनदादा दोन लिवत्यात. फुटक्या रांजणात पानी भरल्यागत हाय ह्ये!”

“अटी कधीही बदलणं हा आमचा हक्कच आहे!” महाराज खूश होऊन म्हणाले. “न वाचता विडा उचललास तर तो खोटेपणा. नाही उचललास तर नोंदणी नाही. बोल, काय करतेस?”

इकडे आड, तिकडे विहीर! पण भिवरा रडत बसणाऱ्यांतली नव्हती.

“माल सरकारजमा व्हायचाच हाय, तर एकदा वापरून तरी बगा, महाराज!”

महाराजांना नव्या वस्तूची भारी हौस. भिवराने मोबाइल पुढे केला. त्यावर ठळक अक्षरांत एकच अट होती, आणि शेजारी तबकात विडा. महाराजांनी अटीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. विडा दिसला, उचलला आणि गालात सारला!

मग बाहेरून एक गाढव आणवलं. ते ओरडलं तसा मोबाइल बोलला, “बाबू कुंभाराचं थोरलं. भूक लागली आहे.”

गाढवाला गवत टाकलं, आणि काय आश्चर्य, ते गप्प! महाराजांना राहवेना. सिंहासनावर उभं राहून त्यांनी मोबाइलमध्ये स्वतःच आरोळी ठोकली, “ह्यां-हो! ह्यां-हो!”

मोबाइल जरा विचारात पडला. मग म्हणाला, “या गाढवाची नोंदणी झालेली नाही.”

दरबारात कोणी हसलं नाही. हसायची छाती कोणाची?

“अपमान! घोर अपमान!” प्रधानजी किंचाळले. “जमा करा तो मोबाइल!”

“हात लावू नगा!” भिवरा गरजली. “महाराजांनी विडा उचललाय. तुमच्याच ‘परवान्या’परमानं माजी अट लागू झाली!”

“कसली अट?” महाराज दचकले.

“म्हंजे? तुमी वाचली न्हाई?”

“विडा पुढ्यात आल्यावर वाचत कोण बसतं!”

भिवराने मोबाइल उंच धरला आणि खणखणीत आवाजात वाचलं, “‘ज्याचा बाजार, त्याने किंवा त्याच्या माणसांनी बाजाराच्या जेवढ्या अटी वाचल्या असतील, तेवढ्याच विकणारीला लागू!’ आता सांगा महाराज, किती वाचल्या?”

महाराजांनी प्रधानजींकडे पाहिलं. “प्रधानजी, सगळ्या वाचल्यात ना तुम्ही?”

“मी... म्हणजे... मी फक्त मोहोर उठवतो, महाराज. वाचतो तो कारकून!”

कारकुनाला बोलावलं. तो कानावर लेखणी खोचून धावत आला.

“मी वाचू?” तो रडवेला झाला. “महाराज, वाचत बसलो तर लिहू कधी?”

“अरे, म्हणजे कोणीच एकही अट वाचलेली नाही?” महाराज ओरडले.

“तुमी एकबी वाचली न्हाई,” भिवरा म्हणाली, “तर मला एकबी लागू न्हाई! घाला माजी नोंद, दिस बुडायच्या आत!”

महाराज आधी खुदकन हसले. मग पोट धरून हसले. मग असे काही हसले की विड्याची पिंक थेट प्रधानजींच्या पांढऱ्याशुभ्र अंगरख्यावर! “घाला नोंद हिची! सोन्याचं कडं द्या, भरजरी शाल द्या! आणि कुंभारवाड्यातल्या एकेका गाढवाला गवताचा भारा!”

भिवरा कडं मिरवत घरी गेली. प्रधानजींना हुकूम झाला की सगळ्या अटी वाचून काढाव्यात. कारकुनाला थांबायचा हुकूम द्यायला मात्र महाराज विसरले. तेव्हापासून कारकून लिहितोय, आणि प्रधानजी मागून वाचताहेत.