इथे झोप लागू शकते

"‘इथे झोप लागू शकते’... म्हणजे काय, अप्पा? ही काय कर्नलमध्ये लिहायची गोष्ट आहे?"

तळ्याकाठच्या मठीच्या ओट्यावर अप्पा हर्डीकर मांडी घालून बसले होते. पुढ्यात लॅपटॉप उघडून मृगांक बसला होता. सकाळ होती. धुकं पार ओट्यापर्यंत आलं होतं, आणि काठावरच्या म्हशी नुसत्या शिंगांवरून कळत होत्या.

मठीत येण्यापूर्वी अप्पा कर्नल लिहायचे. कर्नल म्हणजे संगणकाच्या पोटातला कारभारी. बाकीचे प्रोग्रॅम मेमरीतल्या आपापल्या खोलीत नांदतात. कारभाऱ्याला मात्र सगळ्या खोल्या उघड्या.

त्या कर्नलमध्ये, दुसऱ्याच्या खोलीतलं काही मागायची वेळ येते तिथे, अप्पांनी ही ओळ इशारा म्हणून लिहून ठेवली होती. वीस वर्षांनी तो कर्नल मृगांकच्या हाती आला; त्याने ती ओळ वाचली, हसला, आणि काढून टाकली.

मृगांक नाकावर माशी बसू न देणारा माणूस. आपण हुशार आहोत हे त्याला कुणी सांगावं लागत नसे.

"माझा कर्नल नवजात बाळांच्या काचेच्या पेट्या राखतो," तो म्हणाला. "पेटी किती उबदार ठेवायची, ते सिस्टर प्रोग्रॅमला सांगतात. प्रोग्रॅमच्या मेमरीतून ते कर्नल घेतो. तो झोपून कसं चालेल?"

अप्पा तळ्याकडे बघत होते.

"तुमचा कर्नल आधी चौकशा करायचा. पत्ता खरा का, जागा त्याचीच का... माझा थेट उचलतो. राज्य त्याचंच आहे ना?"

"आणि?"

मृगांकचा आवाज खाली आला.

"परवा एक पेटी गोठली. म्हणजे तिचा पडदा... बावीस मिनिटं काही हललं नाही. आत गार होत गेलं. सिस्टरनी सहज बाळाच्या तळपायाला हात लावला, म्हणून..."

तो घाबरला होता, आणि घाबरल्याचं कबूल करायची त्याला सवय नव्हती.

"सोमवारी अशा आणखी अकरा पेट्या जायच्यात. चूक सापडली नाही तर मी कुठल्या तोंडाने पाठवू? आणि चूक माझी नाहीच आहे."

"बघू," अप्पा म्हणाले. त्यांनी चष्मा काढला आणि पुसायला पंचा शोधू लागले.

पंचा सापडेपर्यंत मृगांकला कुठला धीर! त्याने चष्मा त्यांच्या हातातून घेतला, सदऱ्याच्या टोकाने खसाखसा पुसला, आणि दुसऱ्या हाताचं बोट पडद्यावर टेकवलं.

"ही ओळ वाचा. हिच्यात काय चुकलं, तेवढं सांगा."

"सांगतो," अप्पा म्हणाले.

आणि त्यांनी डोळे मिटले...

त्यांची मान हळूहळू खाली आली. श्वास संथ झाला. धुकं ओटा ओलांडून मठीत शिरलं आणि आतली समई दिसेनाशी झाली. पलीकडे कुणीतरी कपडे आपटत होतं, तो आवाज दुसऱ्याच कुठल्या गावाहून आल्यासारखा येत होता. मृगांकला वाटलं, म्हाताऱ्याची समाधी लागली. मग वाटलं, समाधी कसली, डुलकी आहे.

धुक्यामागे ऊन चढलं. म्हशी पाण्यात उतरल्या...

"अप्पा! वाचताय ना?"

"वाचायलाच बसलोय."

"मग सांगत का नाही?"

"यायची वाट बघतोय."

"कशाची?"

अप्पांनी डोळे उघडले नाहीत.

मृगांक ताडकन उठला. "तुम्हाला काही आठवत नाही, हे सरळ सांगा की! उगाच एवढा घाट चढून आलो मी."

लॅपटॉप मिटायला त्याने दोन्ही हात पुढे केले. उजवा हात काही मोकळा होईना. मुठीत चष्मा होता.

कुणीतरी तोंडात मारल्यासारखा तो उभा राहिला.

बऱ्याच वेळाने तो पडद्याकडे वळला. त्याच ओळीच्या वरची ओळ त्याने वाचली. पुन्हा वाचली.

"आधी मी लॉक घेतलं, म्हणजे मेमरीची किल्ली मुठीत धरली," तो पुटपुटला. "आणि लॉक हातात ठेवून मग मागितलं... जे मागितलं ते मेमरीत नव्हतंच. मेमरीत जागा कमी पडली की डिस्कवर हलवतात, तसं गेलेलं असणार. ते तिथून आणून देणाऱ्या कोडला तेच लॉक हवं होतं. ते माझ्याकडे."

"हं."

"तो माझ्यासाठी थांबला. मी त्याच्यासाठी."

त्याला रडू आलं, आणि या खेपेला त्याने ते लपवलं नाही. चष्मा पुढे करत तो म्हणाला, "‘चष्मा दे’ एवढं म्हणायचं होतंत, अप्पा."

"त्या पेटीत कोण म्हणणार होतं?"

तळ्यावरून वारा आला. धुकं जरा सरकलं, आणि पलीकडचा काठ क्षणभर दिसून पुन्हा गेला.

मृगांकने डोळे पुसले. "म्हणजे आधी मागून घ्यायचं. लॉक नंतर. आणि मागितलेलं येईपर्यंत कर्नलने खुशाल झोपायचं? आत बाळं असताना?"

अप्पांनी चष्मा चढवला. सकाळपासून पहिल्यांदाच त्यांनी त्याच्याकडे नीट पाहिलं.

"मूठ मिटून झोपायचं ते बाळांनी," ते म्हणाले. "राखणाऱ्याने नाही."