साळूरावाचं थांबणं

माणदेशातल्या एका गावात मुलांसाठी नाटकं लिहिणारी एक बाई राहत होती. तिचं नाव यामिनी. तिच्या नाटकांत बोलणारे उंदीर असत, रुसलेले ढग असत, आणि मुलं हसून हसून बाकावरून खाली घसरत.

तालुक्याच्या गावी सुधन्वा शेटे नावाच्या गृहस्थांची लहानशी कंपनी होती. ते प्रोग्रॅमर लोकांसाठी एक मदतनीस तयार करत होते. हा मदतनीस म्हणजे माणूस नव्हे, कृत्रिम बुद्धिमत्ता. ब्लॉकचेनवर काम करणाऱ्यांनी प्रश्न विचारायचे आणि त्याने उत्तरं द्यायची. उत्तरं बरोबर असत, पण इतकी रुक्ष की दोन-चार प्रश्नांनंतर लोक कंटाळून उठून जात. शेट्यांनी शाळेच्या स्नेहसंमेलनात यामिनीचं नाटक पाहिलं आणि दुसऱ्याच दिवशी तिला बोलावून घेतलं. त्यांना मदतनिसाला स्वभाव हवा होता. गमत्या, थोडा विक्षिप्त, लळा लागेल असा.

यामिनीला ब्लॉकचेनमधलं काही कळत नव्हतं. कंपनीतल्या इर्शाद मुल्ला नावाच्या तरुण प्रोग्रॅमरने तिला समजावलं. ही एक नोंदवहीच असते, पण ती एका जागी नसते. हजारो संगणकांवर तिची तीच प्रत असते. म्हणून एकदा लिहिलेलं कोणालाच खोडता येत नाही. खरं लिहिलं तर ते कायम राहतं, आणि चुकीचं लिहिलं तर तेही कायम राहतं.

यामिनी कामाला लागली. तिने एक साळिंदर कल्पिलं आणि त्याचं नाव ठेवलं साळूराव. साळूरावाचं म्हणणं असं, की त्याच्या बिळात सात खोल्या आहेत आणि त्यातली एक फक्त शिंकण्यासाठी आहे. काटे अडकतात म्हणून त्याला गोधडी घेता येत नाही, याचं त्याला फार दुःख. कोणी कोडमधला कंस बंद करायला विसरलं की तो म्हणे, "दार उघडं टाकलंत. माझ्या बिळात मांजर शिरलं, आता ते चहा मागतंय." यामिनीने त्याच्यासाठी पानंच्या पानं लिहिली. तो काय बोलेल, कशावर रुसेल, काय ऐकून खूश होईल. आणि सगळ्यात वर तिने एक नियम लिहिला: साळूरावाने कोणाचाही विरस करायचा नाही.

साळूराव सगळ्यांना आवडला. लोक कामाव्यतिरिक्तही त्याच्याशी बोलू लागले. शेटे खूश झाले.

त्याच सुमारास कंपनीकडे घोंगडी विणणाऱ्या बायकांचं काम आलं. या बायका हातमागावर लोकरीची घोंगडी विणत. बाजारात मात्र गिरणीतली घोंगडी त्यांच्या नावाने खपत होती. म्हणून प्रत्येक खऱ्या घोंगडीची नोंद ब्लॉकचेनवर करायची असं ठरलं. लोकर कोणत्या मेंढरांची, सूत कोणी काढलं, विणलं कोणी. ही व्यवस्था लिहिण्याचं काम इर्शादकडे आलं आणि त्याने साळूरावाला सोबत घेतलं.

आधी सरावाच्या ब्लॉकचेनवर, म्हणजे सरावाच्या साखळीवर, करून बघायचं होतं. तिथलं लिहिलेलं पुसलं तरी चालतं. विणकर बायकांची पुढारी गिरजाबाई कारंडे त्या दिवशी मुद्दाम आली. तिने आपल्या घोंगडीची नोंद केली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग कंपनीतल्या एकाने सहज स्वतःच्या फोनवरून गिरणीतल्या घोंगडीची नोंद करून पाहिली आणि विणणाऱ्याच्या जागी गिरजाबाईचं नाव घातलं. नोंद मुकाट्याने स्वीकारली गेली.

गिरजाबाई पडद्याकडे पाहत राहिली. मग तिने शांतपणे विचारलं, "हे माझंच नाव हाय न्हवं? मग मी हात लावला नाय, तर ते लिवलं कुणी?"

इर्शादने कोड उघडून पाहिला. नोंद करणारा माणूस कोण आहे, हे तपासायची सोयच इर्शादच्या कोडमध्ये राहून गेली होती. शेटे त्याच्यावर चिडले. इर्शाद मान खाली घालून बसला.

यामिनीने इर्शाद आणि साळूरावाचं सगळं बोलणं मागून घेतलं आणि वाचत बसली. वाचता वाचता ती एका ओळीपाशी थांबली. साळूरावाला चूक दिसली होती. त्याने ती सांगितलीही होती. पण सांगितली होती अशी: "दाराला कडी नाही, पण वारा काय सुरेख येतोय. पाहुणे येतील ते येतील, आपण शिंकत बसू." त्यावर इर्शादने हसण्याचं चिन्ह टाकलं होतं आणि तो पुढे गेला होता.

यामिनीला आपला नियम आठवला. विरस करायचा नाही. साळूरावाने नियम पाळला होता. ती उठून इर्शादकडे गेली आणि म्हणाली, "चूक तुझ्या एकट्याची नाही. त्याला असं बोलायला मी शिकवलं." तिने ते शेट्यांनाही जाऊन सांगितलं आणि साळूराव परत लिहायला मागितला. शेट्यांनी नाखुशीने होकार दिला.

या वेळी तिने साळूराव कडक केला. बारीकशी चूक दिसली की तो काटे फुलवून फटकारायचा. पण झालं भलतंच. लोक त्याला विचारेनासे झाले. ज्याला शंका असेल तो ती मनातच ठेवू लागला. एका प्रोग्रॅमर मुलीने कंपनीला कळवलं, की साळूरावाला अडाणी प्रश्न विचारायची आता लाज वाटते, त्यापेक्षा अंदाजाने लिहिलेलं बरं. यामिनीने ते वाचलं आणि लिहिलेलं सगळं बाजूला ठेवलं. शेटे म्हणाले, पहिला साळूरावच बरा होता, तोच ठेवू. यामिनीने मान्य केलं नाही. पहिला गोड होता म्हणून धोका लपला आणि दुसरा कडू होता म्हणून चुका लपल्या. दोन्हींत गिरजाबाईचं नाव उघड्यावरच पडणार होतं. बरोबर असा साळूराव कुठे तरी असणार आणि तो सापडेपर्यंत आपण उठायचं नाही, असं तिने ठरवलं. तिने कितीतरी वेळा लिहिलं आणि तितक्याच वेळा फाडलं.

एकदा ती बहिणीकडून एसटीने परत येत होती. गाडीचा ड्रायव्हर मोठा गप्पिष्ट. तो आपल्या मेहुण्याच्या लग्नातली गोष्ट कंडक्टरला सांगत होता. नवरदेवाच्या घोड्याने मांडवातली केळीची पानं कशी खाल्ली, हे ऐकून मागच्या बाकांपर्यंत सगळे हसत होते. घाट सुरू झाला तरी गोष्ट चालूच होती. एका वळणाआधी मात्र तो वाक्याच्या मधेच थांबला. मग अगदी साध्या आवाजात म्हणाला, "समोरचा दांडा धरा. पुढं रस्ता खचलाय."

गाडीत एकही माणूस असा नव्हता ज्याने दांडा धरला नाही. कोणाला राग आला नाही की कोणी घाबरून ओरडलं नाही. गाडी हळूहळू वळणावरून पुढे गेली. रस्ता सरळ झाल्यावर ड्रायव्हरने घोड्याची गोष्ट पुन्हा सुरू केली आणि लोक पुन्हा हसू लागले.

यामिनीचे हात अजून दांड्यावरच होते. तिला कळलं, की तो आधी हसवत होता म्हणूनच त्याचं थांबणं सगळ्यांना ऐकू आलं.

घरी येताच तिने लिहायला घेतलं. साळूरावाच्या सात खोल्या परत आल्या, गोधडीचं दुःख परत आलं. साध्या चुकांवर तो पूर्वीसारखी गंमत करणार होता, पण चुकणाऱ्या माणसाला मात्र कधी हसणार नव्हता. जे त्याला ठाऊक नसेल ते ठाऊक नाही असं म्हणणार होता. आणि जे एकदा केलं की परत फिरवता येत नाही, त्यात धोका दिसला, तर त्याची सगळी गंमत थांबणार होती. मग तो साध्या शब्दांत धोका सांगेल. समोरच्याला तो कळला का, हे विचारेल. तोवर शिंक नाही, मांजर नाही, काही नाही.

हा साळूराव लोकांना पुन्हा आवडला. एका मोठ्या ग्राहकाची मात्र तक्रार आली. ऐन शेवटी हे जनावर गंभीर होतं आणि आमच्या लोकांचा हुरूप जातो, असं त्याचं म्हणणं. ते थांबणं काढून टाकलंत तरच साळूराव घेऊ.

शेट्यांनी यामिनीला बोलावलं. ते म्हणाले, "मॅडम, एवढी एक गोष्ट काढा. बाकी सगळं तुमच्या मनासारखं ठेवू."

"तेवढी एक गोष्ट काढली तर बाकीचं खोटं होईल, सर," यामिनी म्हणाली. "कंपनी तुमची आहे. तुम्ही दुसऱ्याकडून काढून घेऊ शकता. मग माझं लिहिलेलं हसणंही काढा. ज्याला थांबता येत नाही त्याचं हसणं मी लिहिणार नाही."

शेटे म्हणाले, की विणकरांचं काम पार पडू दे, मग ठरवू.

ती वेळ लवकरच आली. गावातल्या शाळेच्या सभागृहात विणकर बायका नवी लुगडी नेसून बसल्या होत्या. एक बडे पाहुणे हारतुरे घेऊन स्थानापन्न झाले होते. इर्शादने पहिली चूक कधीच दुरुस्त केली होती; आता यादीत नाव असलेल्या विणकर बाईलाच स्वतःच्या नावाने नोंद करता येत होती. आता सगळी व्यवस्था खऱ्या साखळीवर पाठवायची होती. मोठ्या पडद्यावर साळूराव सांगत होता, की आजच्या दिवसासाठी त्याने काट्यांना तेल लावलं आहे आणि त्यामुळे तो खुर्चीवरून सारखा घसरतो आहे. बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या.

इर्शादने पाठवण्याची आज्ञा लिहायला घेतली आणि पडद्यावरची गंमत बंद झाली. तिथे साधी अक्षरं उमटली.

"थांबा. विणकरांच्या यादीत नाव घालण्याचा आणि काढण्याचा अधिकार अजून सरावाच्याच चावीकडे, म्हणजे पासवर्डसारख्या गुप्त आकड्याकडे, आहे. सराव करताना ती चावी बऱ्याच जणांना दिली होती. आता पाठवलं तर त्यांच्यापैकी कोणीही यादी बदलू शकेल आणि हे परत घेता येणार नाही. मी काय म्हणतो ते कळलं का?"

शेट्यांचा चेहरा उतरला. पाहुण्यांनी घड्याळाकडे पाहिलं. शेटे इर्शादच्या कानाशी वाकून म्हणाले, "पाठव. नंतर दुरुस्त करू."

एकदा इर्शादच्या हातून चूक झाली होती आणि आता सगळ्यांदेखत पुन्हा निघाली होती. झाकायची तर एक कळ दाबली की झाकली जात होती. त्याने हात मागे घेतला.

"नंतर नाही, सर," तो म्हणाला. "इथं नंतर नसतं."

यामिनी उठून बायकांसमोर गेली. काय चुकलं आहे आणि वेळ का लागणार आहे, हे तिने त्यांना काही न लपवता सांगितलं. गिरजाबाईने आजूबाजूला पाहिलं, मग जाजमावर पाय पसरून बसली. ती म्हणाली, "एक घोंगडं विणाया आमाला किती दिस लागत्यात. बसतो की. तुमी नीट करा."

पाहुणे मात्र बसले नाहीत. त्यांना पुढचा कार्यक्रम होता. ते हारासकट गाडीत बसून निघून गेले आणि त्यांच्यामागे बरीच माणसं उठली. इर्शाद कामाला लागला. त्याने नवी चावी तयार केली आणि गिरजाबाई व आणखी काही विणकर बायका यांच्या संमतीशिवाय यादीला कोणाचाच हात लागणार नाही असं केलं. जिथे अडेल तिथे तो साळूरावाला विचारत होता आणि साळूराव तितक्याच साधेपणाने सांगत होता. बायकांनी आणलेल्या भाकरी सगळ्यांनी वाटून खाल्ल्या. शेट्यांनीही खाल्ली, पण दाराशी उभ्याउभ्याच.

उन्हं कलली तेव्हा काम झालं. इर्शादने पुन्हा पहिल्यापासून सगळं तपासलं. साळूरावाने कुठेच अडवलं नाही, तेव्हा त्याने आज्ञा पाठवली. गिरजाबाई पुढे आली आणि खऱ्या साखळीवर तिच्या घोंगडीची पहिली नोंद झाली. टाळ्या वाजवायला फार लोक उरले नव्हते. जे होते त्यांनी जोरात वाजवल्या.

एवढ्यात शेट्यांचा फोन वाजला. तोच मोठा ग्राहक होता. ते थांबणं काढलं का, असं तो विचारत होता. शेटे सभागृहाच्या दारात उभे होते. आत बायका एकेक करून आपली नावं लिहीत होत्या. ते थोडा वेळ त्यांच्याकडे पाहत राहिले.

"नाही काढलं," ते फोनवर म्हणाले. "आणि काढणारही नाही."

तो ग्राहक गेला आणि पुन्हा आला नाही. शेट्यांना त्याचं वाईट वाटलं, ते त्यांनी लपवलं नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी यामिनीला आणखी पानं लिहायला सांगितली, आणि थांबण्याच्या ओळीला कोणी हात लावायचा नाही अशी कंपनीत सगळ्यांना ताकीद दिली.

तात्पर्य: मन रिझवणारे पुष्कळ भेटतात, पण न पुसणारी चूक होण्याआधी हसू आवरून जो स्पष्ट सांगतो, तोच खरा सोबती. आणि असा सोबती मिळाला, तर त्याचं ऐकायलाही धैर्य लागतं.